सत्तावन किलोचे आजोबा

मुलांनो, हे मी मुद्दाम मराठीत लिहिते आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही भराभर वाचून मोकळे झाला असता. मराठी तुम्ही अक्षर लावत वाचता, म्हणजे नीट वाचाल. अडलं तर आईला विचारा. आणि आत्ताच लिहायचं कारण असं की रविवारी फोनवर आजोबा तुम्हाला सीतापुऱ्यातल्या लढतीची गोष्ट सांगणार आहेत. गेले चार दिवस ते मला ती ऐकवतायत आणि दर वेळी ती थोडी वाढते. व्हिडिओ नाही. का नाही ते पुढे येईलच. तेव्हा दुसरी साक्ष फक्त माझी.

सुरुवात तुमच्यातल्या थोरल्याने केली. महिन्यापूर्वी तू कॉलवर विचारलंस, "आजोबा, तुम्ही चॅम्पियन होतात ना? मग आत्ताच्या फायटरशी लढलात तर कोण जिंकेल?" चिप्स खाता खाता विचारलंस. मला वाटलं आजोबा हसून सोडून देतील. ते हसले नाहीत. म्हणाले, "वजन काय त्याचं?" तू कुठल्या तरी धिप्पाड माणसाचं नाव घेतलंस. "मग प्रश्नच चुकला," आजोबा म्हणाले, "वजन जुळल्याशिवाय तुलना नाही." तेवढ्यात तुमचं नेट गेलं. तुमच्यासाठी विषय संपला. इथे तो तिथून सुरू झाला.

तुम्हाला आजोबा म्हणजे पेन्शनर, भाजीवाल्या भैयाशी घासाघीस करणारे. पण ते भुसावळहून रेल्वेत लागले ते बॉक्सर म्हणून. रेल्वेच्या स्पर्धांमध्ये फेदरवेटचे विजेते होते. फेदरवेट म्हणजे सत्तावन किलोपर्यंतचा गट. पुढे बदली होऊन जयपूरला आलो आणि इथेच राहिलो. शोकेसमधली पदकं तुम्ही पाहिली आहेत. लहानपणी त्यांतलं एक तुम्ही चावून पाहिलं होतं.

जुने पहिलवान आणि नवे पहिलवान यांच्या तुलनेवर माझा कधीच विश्वास नव्हता. "आमच्या वेळी" म्हणणारा माणूस स्वतःचंच तारुण्य आठवत असतो, आणि "जुन्यांचा काय टिकाव लागणार" म्हणणाऱ्याने जुन्यांना पाहिलेलंच नसतं. दोघांचंही बोलणं मी चिमूटभरच खरं धरते.

त्याच आठवड्यात एक गृहस्थ प्याज कचोरीचा पुडा घेऊन घरी आले. सीतापुऱ्यात कपडे परदेशी पाठवणारा एक कारखाना बंद पडला, त्याच्या शेडमध्ये त्यांनी बॉक्सिंगची जिम काढली होती. आल्या आल्या पाया पडले आणि उठता उठता शोकेसचे फोटो काढले. पहिल्याच भेटीत जो पाया पडतो, त्याला माझ्याकडून काय हवंय ते मी आधी शोधते.

"अंकलजी, उद्घाटन पर बस एक राउंड। पुराना शेर और आज की शेरनी। लोग पागल हो जाएंगे।"

"लोग पागल होंगे, पर इनका क्या होगा?" मी विचारलं.

"अरे आंटीजी, हल्के हाथ। रिस्पेक्ट पूरी।"

आजोबा "देखते हैं" म्हणाले आणि त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेले. परत आल्यावर म्हणाले, "नाही म्हणून टाकलं."

"एवढा वेळ लागतो नाही म्हणायला?"

"लिफ्ट वर गेली होती."

लिफ्ट त्या दिवशी बंद होती.

दोन-तीन दिवसांनी आजोबांनी जेवताना लोणच्याची फोड ताटाबाहेर काढली. मग म्हणाले, वरणात मीठ घालू नकोस. मग पापड बंद. डॉक्टर खूश झाले. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या म्हाताऱ्याने आपण होऊन मीठ सोडलं! तुमची आई फोनवर म्हणाली, "बघ, बाबांना शेवटी अक्कल आली." मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. बॉक्सरची बायको मिठाकडे निराळ्या नजरेने बघते. मीठ सुटलं की पाणी सुटतं. पाणी सुटलं की समजायचं, वजन करायचा दिवस जवळ आला.

आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत हे सगळं मी पाहिलेलं आहे. स्पर्धेच्या सकाळी स्टेशनच्या पार्सल ऑफिसातल्या मोठ्या काट्यावर, जिथे एरवी आंब्याच्या पेट्या चढवतात, तिथे बॉक्सर लोक लंगोटावर उभे राहत. त्याआधी दोन दिवस आजोबा पाण्याचा थेंब गिळत नसत. चूळ भरून थुंकत. बायकांना आत प्रवेश नसे. मी बाहेर बाकावर दहीभाताचा डबा आणि लिंबूसरबताची बाटली धरून बसायची. वजन उतरलं की बॉक्सर आधी बाहेर येतो आणि हात पुढे करतो. बोलायला तोंडात ओल नसते. काट्यामागे आपला एक भरवशाचा माणूस उभा करायची पद्धत होती. कारण मागून कुणी बुटाचं टोक काट्याच्या कडेला टेकवलं की वजन वाढतं आणि चांगला माणूस न लढताच बाद होतो. ही लबाडी आजोबांनीच मला समजावून सांगितली होती.

तर मीठ सुटलं, आणि माझी नजर सुरू झाली. वैशाखातल्या एका दुपारी गच्चीवरच्या दोरीवर आजोबांचा लोकरीचा स्वेटर वाळत पडलेला दिसला. डांबरगोळ्या घालून मीच तो कपाटाच्या वरच्या खणात ठेवला होता. जयपूरच्या लूच्या झळांमध्ये स्वेटर!

"याला कसर लागली होती, म्हणून धुतला," आजोबा म्हणाले. तो स्वेटर साबणाने धुतलेला नव्हता. मी वास घेतला होता.

गेल्या बुधवारी सकाळी आजोबा म्हणाले, "सिव्हिल लाइन्सला जाऊन येतो. जुन्या साहेबांची तब्येत बरी नाही." पायात कॅनव्हासचे बूट. मी बाल्कनीतून पाहिलं. ते रस्ता ओलांडून समोरच्या थांब्यावर गेले. तिथून सिव्हिल लाइन्सची बस मिळत नाही, सीतापुऱ्याची मिळते. मी भांडायला जायचं ठरवलं. पण जाताना दहीभात कालवला आणि लिंबूसरबताची बाटली भरली. हात आपोआप चालले.

रिक्षाने शेड गाठली. आत वर पत्रा, मधे दोऱ्या लावलेलं रिंग, एका कोपऱ्यात गठ्ठे तोलायचा कारखान्याचा जुना काटा. काट्याजवळ आजोबा हाफ पँटवर उभे. मी मनात भांडणाची वाक्यं जुळवून आले होते. आजोबांनी मला पाहिलं आणि विचारलं, "डबा आणलास?"

त्यांचे ओठ फुटलेले. बोलताना जीभ टाळ्याला चिकटत होती.

जिमवाले धावत आले. "आंटीजी, कसम से, हमने वज़न की बात ही नहीं की। हमें तो दो मिनट का फोटो चाहिए था। उद्घाटन तो शाम को है। अंकलजी बोले, फोटो नहीं, सच का राउंड, और पहले वज़न।"

बाकावर एक मुलगी हाताला पट्टी गुंडाळत होती. बस्सी गावची, विशीतली, राज्य पातळीवर जिंकलेली. ती म्हणाली, "मैं सत्तावन में लड़ती हूँ, अम्माजी। दादाजी बोले, तो मैं भी सत्तावन में आऊँगा।"

"अहो, हे कशासाठी?" मी विचारलं.

"पोराने विचारलंय."

"पोराने चिप्स खाताना विचारलंय!"

"विचारलंय ना?"

मग ते मला म्हणाले, "मागे उभी राहा. कुणाचा पाय नको काट्यावर."

मी मागे उभी राहिले. या वयाच्या, गोळ्या घेणाऱ्या, तहानेने सुकलेल्या माणसाला मी रिंगात जाऊ देणार नव्हते. भांडून ते ऐकणार नव्हते. नियमाने बाद झाले तर मात्र मुकाट घरी येतील, असं मला वाटलं. मी चपलेचं टोक काट्याच्या कडेला टेकवलं.

आकडा सत्तावनच्या वर गेला. आजोबा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग पिशवीतून तोच स्वेटर काढून डोक्यातून घालू लागले. "रस्सी देना," ते त्या मुलीला म्हणाले.

एवढं एक मी विसरले होते. वजन जास्त भरलं की बॉक्सरला ते उतरवायला वेळ देतात. तेवढ्या वेळात तो स्वेटर घालून दोरीवरच्या उड्या मारतो आणि उरलासुरला घाम काढतो. मीच पाहिलेलं, मीच विसरले. तापलेल्या पत्र्याखाली आजोबांनी उड्या सुरू केल्या आणि लगेच एक हात भिंतीला टेकवला.

आता गप्प राहिले तर ते उड्या मारत राहणार. खरं बोलले तर वजन बरोबर ठरणार आणि ते लढणार. पण वजन झालं की बॉक्सर पाणी पितो. मला त्या क्षणी त्यांच्या पोटात पाणी हवं होतं. बाकीचं नंतर.

"थांबा. माझा पाय होता."

दोरी थांबली. "मुद्दाम?"

"मुद्दाम."

त्यांनी दोरी खाली टाकली. स्वेटर काढला. मला हाताने दूर जायची खूण केली आणि पुन्हा काट्यावर चढले. मी लांब, दोन्ही हात पदराबाहेर दिसतील असे धरून उभी. सत्तावनला काटा थांबला. ते उतरले आणि माझ्यापुढे हात केला. मी बाटली दिली.

मग अटी माझ्या. दहीभात संपेपर्यंत रिंग नाही. लघवी होईपर्यंत रिंग नाही. डोक्याला गादीचं टोपरं हवंच. आणि जिमवाल्यांचा मोबाइल माझ्या पर्समध्ये. "आंटीजी, बस पंद्रह सेकंड की रील..." ते गयावया करू लागले. मी पर्सची चेन लावली. माझ्या नवऱ्याच्या पडण्यावर कुणाच्या जिमची जाहिरात मी होऊ देणार नव्हते. उद्घाटनाची माणसं यायला अजून बराच अवकाश होता. प्रेक्षक म्हणून मी एकटीच.

दुपार होता होता ते रिंगात उतरले. पहिल्यांदा ती मुलगी त्यांच्याभोवती नुसती फिरली. तिचे पाय कधी टेकतात ते दिसत नव्हतं. आजोबा जिथे ठोसा मारत तिथून ती आधीच निघून गेलेली असे. तिने त्यांच्या कपाळाला ग्लोव्ह टेकवला. पुन्हा टेकवला. कुंकू लावल्यासारखा. मला तिचा राग आला, आणि ती जोरात मारत नाही म्हणून तिचे उपकारही वाटले. आजोबांची छाती भात्यासारखी चालली होती. मी टॉवेल हातात घेतला होता. तो आत टाकला की लढत संपते, एवढं मला ठाऊक आहे.

मग आजोबांनी तिच्यामागे जाणं सोडलं. रिंगच्या मधे उभे राहिले, हनुवटी खाली. ती पुन्हा टेकवायला आत आली, आणि त्यांचा डावा तिच्या बरगडीवर बसला. गादी आपटावी तसा आवाज आला.

"अरे बाप रे!" ती मागे सरकली आणि तिने हात खाली घेतले. जिमवाल्यांनी घंटा वाजवली. वेळ झाली होती की नाही, याबद्दल मला शंका आहे.

ती नळावर तोंड धुवायला गेली तेव्हा मी मागोमाग गेले. "सच बता। लगने दिया ना?"

"नहीं अम्माजी।"

"कसम खा।"

"कसम किस बात की? मार खाने की एक्टिंग करूँ तो मेरे कोच मुझे निकाल देंगे।" तिने बनियन जरा वर करून दाखवला. बरगडीवर लाल झालं होतं. मी बोटाने दाबून पाहिलं. तिने तोंड वाकडं केलं. तरी मी म्हणते, उन्हाळ्यात घामोळ्यांनीही लाल होतं.

परतताना रिक्षात मी विचारलं, "आता खरं सांगा. तेव्हाचे तुम्ही आणि आत्ताची ही, तर कोण?"

"ती," आजोबा म्हणाले.

इतक्या पटकन म्हणाले की मला तेही खरं वाटेना. "उगाच मोठेपणा नको."

"मोठेपणा कसला? आम्ही समोरच्याला पहिल्यांदा बघायचो ते काट्यावर. बरगड्या मोजायच्या आणि अंदाज बांधायचा. ही पोरं समोरच्याच्या सगळ्या लढती आधी मोबाइलवर पाहून येतात. मी हात उचलायच्या आत तिला कळेल. आणि आम्ही दम राखून लढायचो. ही राखतच नाही, तिला पुरतो."

"म्हणजे तुम्हाला काहीच चान्स नाही?"

सांगानेरचा सिग्नल लागला. "आम्हाला मार खात उभं राहता यायचं," ते म्हणाले. "हिला ते शिकवलंच नाही. गरजच पडली नाही. तिसऱ्या फेरीपर्यंत मी उभा असलो, तर विचार."

हे रविवारी तुम्हाला सांगणार नाहीत. त्यांच्या गोष्टीत ती मुलगी आता खाली बसायला लागली आहे. ती बसली नव्हती. दोन पावलं मागे गेली, बस्स. आणि थोरल्या, तुला विचारायचं असेल तर पुढच्या वेळी मला विचार. त्यांना विचारलंस की ते उत्तर शोधायला निघतात.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. रक्तदाब ठीक, लघवी ठीक. पुन्हा रिंगात उतरायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि मी ते आजोबांकडून दोनदा वदवून घेतलं. पाय गेले आहेत. दम गेला आहे. उजव्या हातात बरणीचं झाकण उघडण्यापुरती ताकद आहे. डावा शाबूत आहे.