सांबार संपला नाही

स्लाऊच्या रविवारच्या मराठी शाळेतून देविका घरी आली आणि बूटसुद्धा न काढता स्वयंपाकघरात जाऊन आईला म्हणाली, "आई, तू चुकीचा बोलते. सांबार म्हणजे डाळ. इडलीबरोबर असते ती. याला कोथिंबीर म्हणायचा. शैला मिसनी सांगितला."

श्यामला तेव्हा वरणावर तोच चुकीचा सांबार चिरून घालत होती. ती नागपूरची. तिकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, घरात, बाजारात, सगळीकडे, आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नाही. लग्न होऊन पुण्याला गेली तेव्हा सासरच्यांनी या शब्दावर पोटभर हसून घेतलं. नंतर नवऱ्याच्या सॉफ्टवेअर कंपनीने इंग्लंडला पाठवलं. इथे 'सांबार आण गं' म्हटल्यावर फ्रिजमधून नेमकी जुडी काढून देणारं एकच माणूस होतं, नऊ वर्षांची देविका. आता तीही पुण्याच्या बाजूला गेली.

"अगं, शिकू दे ना तिला प्रॉपर मराठी," तिचा नवरा यतीन म्हणाला. "आधीच तिचं तो-ती-ते धड नाही. त्यात अजून कन्फ्यूजन कशाला?" पुणेकराची माया ही अशी, दुरुस्ती हातात घेऊनच येते.

श्यामलाला ते लागलं. इथल्या मराठी मंडळातल्या मोठ्या मुली तिने पाहिल्या होत्या. आईने मराठीत विचारायचं आणि मुलीने इंग्रजीत तोडून टाकायचं. आधी आईचे शब्द चुकीचे ठरतात, मग आईशी बोलणंच थांबतं. आपल्या घरी हे होऊ द्यायचं नाही, असं तिने त्याच ओट्यापाशी ठरवलं.

मंडळाच्या दिवाळीच्या जेवणात कोण काय आणणार, हे विचारायला शैलाताईंचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "मी सांबारवडी करते."

"अरे वा. सगळ्यांना पुरेल?"

"पुरवते मी."

आता सांबारवडी म्हणजे काही उकडून कापलेल्या कोथिंबीरवड्या नव्हेत. बेसन-कणकेची पातळ पारी लाटायची, तिला आतून चिंचगुळाचा हात फिरवायचा, त्यावर खसखस, तीळ, खोबरं घातलेला सांबार मूठमूठ भरायचा, पुडी बांधावी तशी दुमडायची आणि तळायची. सांबार मात्र खडखडीत कोरडा हवा. नागपूरच्या थंडीत तो पंख्याखाली तासाभरात सुकतो. स्लाऊच्या नोव्हेंबरात माणूसच सुकत नाही, तिथे पाल्याची काय कथा. पहिला घाणा कढईत फुटला, तेल उडालं, स्मोक अलार्म किंचाळू लागला आणि यतीन टॉवेल हलवत त्याच्याखाली उभा राहिला.

"बाहेरून समोसे मागवू या का?" त्याने विचारलं.

"टॉवेल इकडे दे," श्यामला म्हणाली. तोच टॉवेल तिने रेडिएटरवर अंथरला आणि नवा सांबार त्यावर पसरला. घरभर वास सुटला.

पण पारी तरी ओली पडतच होती, चिंचेच्या कोळाने. शेजारच्या आजीबाईंनी त्यांच्या झाडाची आंबट सफरचंदं पिशवीभर दिलेली होती. देविकानेच ती वेचली होती आणि त्यांचा क्रम्बल, तो इथला भाजलेला गोड पदार्थ, कधी करणार म्हणून रोज आईच्या मागे लागली होती. श्यामलाने चिंचेऐवजी त्यातली चार किसली, गूळ आणि काळा मसाला घालून आटवली. घट्ट, आंबटगोड, डोळ्यांत पाणी आणणारं झालं. देविकाने बोट घालून चाटलं आणि परत घातलं.

नागपूरला आईला फोनवर सांगितलं. "सफरचंद? सांबारवडीत?" मग आई म्हणाली, "कर बापा. पण सांबार कमी नको घालू."

जेवणाच्या दिवशी मंडळाच्या हॉलमध्ये पोचल्यावर श्यामला चपापली. तिच्या टेबलावर शैलाताईंनी कागदी वाट्यांची चळत आणि चमच्यांचा ढीग मांडून ठेवला होता. 'सांबारवडी' म्हणजे त्यांनी सांबार आणि वड्या अशी सरळ फोड केली होती. मंडळीही त्याच समजुतीने वाट्या घेऊन रांगेत उभी.

"अहो, वड्या दिसतायत," पुढचे उल्हासकाका म्हणाले. "सांबार संपलं का?"

मागे कुणीतरी हसलं. शैलाताई लगबगीने आल्या. एवढ्या लोकांसमोर वाद कोण घालणार? पुण्यात इतकी वर्षं टाळला तसाच आताही टाळावा. "नाही, म्हणजे ती खरं तर कोथिंबीर..." तिने सुरुवात केली.

"संपला नाही," शेजारून देविका म्हणाली. तिने एक वडी मधोमध मोडली आणि हिरवीगार आतली बाजू काकांपुढे धरली. "सांबार आतमध्ये आहे. तो हिरवा असतो."

"तो नाही गं, ते," शैलाताईंनी सवयीने दुरुस्त केलं. "ते सांबार."

"मिस, ते डाळवाला," देविका म्हणाली. "आमचा सांबार तो असतो."

श्यामला तिच्याकडे बघतच राहिली. खुर्ची, पुस्तक, कोथिंबीर, सगळ्यांचं तो-ती-ते ही पोर चुकवायची. सांबाराचा 'तो' मात्र बरोबर आला, आणि हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. आई ओट्यापाशी बोलत आली आणि ती ऐकत आली, इतकंच.

काकांनी मोडलेली वडी तोंडात टाकली आणि वाटी परत चळतीवर ठेवली. "आंबट कशाचं आहे हे?" त्यांनी विचारलं.

"सफरचंदाचं. ते पण आमचंच आहे," श्यामला म्हणाली आणि शैलाताईंच्या ताटात दोन वड्या वाढल्या. "घ्या ताई, सांबार भरपूर घातला आहे."