साइडकारमधला आवाज

आमच्या नाटक कंपनीत राजे पुष्कळ झाले, पण त्या सगळ्यांचे अंगरखे शिवणारे मास्तर एकच. कंपनी मिटली, राजे आपापल्या घरी गेले. मास्तरांनी मात्र शिवणयंत्राच्या जोडीला एक म्हातारी मोटरसायकल पाळली. काळी, टाकीवर सोनेरी रेघ, बाजूला होडीसारखी साइडकार. जरीवरून फिरवावा तसा त्या रेघेवरून ते हात फिरवत. साइडकारमध्ये वहिनी, मांडीवर थर्मास घेऊन.

रविवारी सकाळी जुन्या गाड्यांची ही वेडी मंडळी बर्फाच्या कारखान्याच्या आवारात जमत. दातांचे डॉक्टर, छापखानावाला, शाळेतल्या एक बाई, आणि गाडी नसलेला मी. बर्फाच्या लाद्यांवरून वाफ उठे, तिच्यात गाड्या उभ्या राहिल्या की वाटे, पडदा वर गेला आहे आणि अजून कोणी बोललेलं नाही.

मंडळींचा एक रिवाज होता. प्रत्येकाने आपला एक हातमोजा उलट्या हेल्मेटमध्ये टाकायचा. ज्याच्या हाती जो मोजा येईल, त्याने त्या गाडीवरून फेरी मारायची. आपली गाडी दुसऱ्याकडे देताना एकेकाचा चेहरा तान्हं पोर शेजारी ठेवून निघाल्यासारखा होई. मास्तरांची गाडी तर भल्याभल्यांना फसवायची. बाकी गाड्यांच्या उलट तिचा गिअर उजव्या पायाशी, ब्रेक डाव्या. डॉक्टर गिअर टाकायला जात आणि जागच्या जागी थांबत. दाढ काढताना तरी बाजू चुकत नाही ना, असं वहिनी मुद्दाम सगळ्यांदेखत विचारीत.

त्या रविवारी मास्तरांचा मोजा माझ्या हाती आला. मला गाडी येत नाही, म्हणजे मास्तर चालवणार आणि मी साइडकारमध्ये. वहिनींना उतरावं लागलं. थर्मास छातीशी धरून त्या क्षणभर घुटमळल्या, मग वाकून हळूच म्हणाल्या, "भावजी, बोलत राहा हं. तोंड मिटू नका."

नटाला हे सांगावं लागतं होय? गाडी धडधडत निघाली, वारा कानात भरला आणि मी सेनापतीचं जुनं भाषण काढलं. आवाज काय लागला होता! दोन्ही हात उंचावून मी सैन्याला पुढे बोलावलं आणि आम्ही खरोखरच पुढे गेलो, लाद्या झाकायला रचलेल्या भुशाच्या ढिगात.

कोणाला खरचटलंही नाही. डोक्यावरून भुसा सांडत असताना मास्तर हँडल धरून तसेच बसले होते.

"मला वाटलं, धुकं आहे," ते म्हणाले.

वहिनी धावत आल्या. आधी मास्तरांचा चष्मा पुसला, मग मला झापलं. "मी तुम्हाला रस्ता सांगत राहा म्हणत होते, भावजी. सगळ्यांसमोर कसं बोलणार?"

वर्षभर मास्तरांची नजर पुसट होत चालली होती; दुसऱ्याची गाडी वाट्याला आली की गुडघ्याचं निमित्त सांगून ते बसून राहत. आपल्या गाडीवर येताजाता साइडकारमधून वहिनी त्यांना सांगत: आता खड्डा, आता सायकलवाला, आता वळा. आम्हाला वाटे, नवराबायको भांडत चाललेत. विंगेतून वाक्य पुरवावं तसा ती बाई नवऱ्याला रस्ता पुरवत होती, आणि जन्मभर विंगेच्या जिवावर जगलेल्या मला ते कळलं नव्हतं.

मास्तरांनी हातातला दुसरा मोजाही काढून हेल्मेटमध्ये टाकला. गाडी कोणीतरी घेऊन जा, म्हणाले, गंजण्यापेक्षा बरं. गाडी गेली की त्यांचा रविवारही गेला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी हात पुढे केला नाही. डॉक्टर बुटाने भुसा उकरत राहिले.

वहिनींनी थर्मास माझ्या हाती दिला. "अहो, उतरा. मी शिकते."

"तू? या वयात?"

"दुसरी कुठली गाडी मला येतच नाही. माझे पाय चुकतील कसे?"

पुढचे कितीतरी रविवार आवारातच गेले. गाडी गचके खाई, साइडकारच्या बाजूला ओढली जाई. वहिनी तिला, नवऱ्याला आणि भुशाला एकाच सुरात रागावत. मग एका सकाळी फाटक उघडलं. मास्तर साइडकारमध्ये बसले आणि कान इंजिनाकडे देऊन सांगू लागले, आता गिअर बदल, आता सोड जरा. गाडी वाफेतून बाहेर पडली, रस्त्याला लागली, झाडांमागे दिसेनाशी झाली. नुसता आवाज येत राहिला.

परत आले तेव्हा मास्तर उतरायला तयार नव्हते. काय दिसलं, मी विचारलं.

"रंग," ते म्हणाले. "कोणीतरी कापडाचे ताके एकदम उलगडून दिल्यासारखे वाहत होते. एकालाही काठ नव्हता." मग त्यांनी वहिनींच्या दिशेने तोंड केलं. "अगं, अजून एक फेरी. या वेळी जरा लांबून."