रडायची गोष्ट

महाराष्ट्र नवानवाच झाला होता, तेव्हा मी चिखलीच्या एका जिनात, कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, कवडी म्हणजे किडका-पिवळा कापूस निवडायला जायचे. समोर एक मावशी बसायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. ती तंबूतले सिनेमे बघायची आणि दुसऱ्या दिवशी हात न थांबवता आम्हाला गोष्ट सांगायची, ती गोष्ट नेहमी रडायचीच असायची. दुःखाची जागा जवळ आली की ती पदर दातात धरायची, आणि बाया आधीच मुसमुसायला लागायच्या. मला राग यायचा. घरची दुःखं कमी पडतात का यांना?

माझं तान्हं जाऊन महिना झाला होता. डोळ्यांतून टिपूस आला नव्हता. मावशीला ते माहीत होतं. तरी त्या दिवशी तिच्या गोष्टीतल्या आईचं लेकरू गेलं.

"दुसरी सांग न वो मावशी," मी म्हटलं. ती थांबली नाही. स्वतःसाठी मला रडता आलं नव्हतं. त्या सिनेमातल्या बाईसाठी मी हमसून हमसून रडले. पुढ्यातला कापूस ओला झाला.

"रड माय, रड," मावशी म्हणाली. "ओला कापूस उनात वाळते. तसाच गासडीत दाबला तं सडते."

दुपारी मी पोटभर भाकर खाल्ली. निघताना तिला म्हटलं, "उद्या बी रडायचीच सांगजो."