वडिलांचं पत्र आणि ऑटोहार्प

चि. शालू,

मी साताऱ्याहून निघाले त्या सकाळी तू दाराआड उभी होतीस, दहा वर्षांची. विधवा मुलीला शिकायला परमुलखात धाडतो म्हणून भाऊबंदांनी आपल्या वडिलांशी बोलणं टाकलं होतं. तरी ते टांग्यापर्यंत आले. "मास्तरीण होऊन ये," एवढंच म्हणाले.

म्हैसूरला आत्याच्या घरी सगळे मराठीच बोलत, पण त्यात इतकं कन्नड मिसळलेलं असे की निम्मं मला कळत नसे. शाळेत तर पहिल्याच आठवड्यात मडमबाईंनी तारांची एक चपटी पेटी माझ्यापुढे टेबलावर ठेवली. ऑटोहार्प. मुलींच्या गाण्याला साथ करायला प्रत्येक मास्तरणीला तो यायलाच हवा, म्हणाल्या. मी हात पदराखाली घेतले. नवरा गेल्यापासून मी ओवीसुद्धा गुणगुणले नव्हते. बाईंनी माझ्या डाव्या हाताचं बोट धरून तारांवरच्या एका आडव्या पट्टीवर दाबलं आणि उजव्या हातानं तारांवरून नखी ओढायला लावली. पट्टीखालच्या लोकरी कापडानं नको त्या तारा मुक्या केल्या आणि उरलेल्या सगळ्या एकदम वाजल्या. एका वेळी इतके स्वर मी कधी ऐकलेच नव्हते. इतकी दचकले की नखी खाली पडली. मग लाज वाटली, कारण मला ते पुन्हा ऐकायचं होतं.

महिन्याभरात तीन पट्ट्या न बघता सापडू लागल्या. त्या भरात मी वडिलांना सगळं लिहून टाकलं. उत्तर आलं, "विधवा मुलगी वाद्य वाजवते हे मी कोणत्या तोंडानं सांगू? परत ये. नाहीतर पत्र लिहू नकोस."

माझ्यासाठी अख्ख्या भावकीचा राग ओढवून घेणाऱ्या माणसाचंच अक्षर होतं ते. मी पत्र धरून चुलीपुढे बसून राहिले. भात करपला तरी कळलं नाही. आत्यानं भांडं उतरवलं, पत्र वाचलं.

"सुम्मने रडत बसू नको गं. दादाला मी लिहिते. बेळग्गे उठून शाळेला जा." सुम्मने म्हणजे उगीच, बेळग्गे म्हणजे सकाळी, एवढं कन्नड तोवर मला कळू लागलं होतं.

गेले. वडिलांनी पुन्हा कधी लिहिलं नाही, आत्यालाही नाही.

आता वडील नाहीत, घरी ये, असं तू लिहितेस. तुझं पत्र आलं त्याच दिवशी, आता मीच शिकवते त्या शाळेत, पुण्याहून आलेल्या नव्या बाईंना मी पहिली पट्टी दाखवत होते. त्यांनी विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"इल्लियवळे," मी म्हणाले. इथलीच.

त्यांना कन्नड कळलं नाही. मी मात्र माझंच बोलणं ऐकून थबकले, तारांवरचा हात तसाच राहिला.

मे महिन्याच्या सुट्टीत येईन, शालू. आठ दिवस राहीन, पाहुणीसारखी.