कसली रोपं?

मस्कतमध्ये आम्ही एकोणीस वर्षं टॅक्सीने फिरलो. बस तेव्हा नावापुरती होती आणि गाडी मी घेतली नाही. रस्त्याच्या कडेला उभं राहिलं की पांढरी-नारिंगी टॅक्सी थांबे. ड्रायव्हर विचारी, "एंगेज?" म्हणजे सगळी गाडी तुम्हालाच हवी का? मी नाही म्हणे. मग चार प्रवासी जमेपर्यंत उन्हात बसून राहायचं. मागे पत्नी दाराशी, मी मध्ये, पलीकडे कोणी परका माणूस. मी समोर पाहत असे. ती मात्र ड्रायव्हरशी बोलत असे. तो ओमानी, पण त्याची हिंदी तिच्यापेक्षा बरी. रुवीहून सीबला पोहोचेपर्यंत त्याच्या आईचे गुडघे, खजुराची झाडं, थोरल्याची परीक्षा, सगळं तिला ठाऊक झालेलं असे.

"तुला काय करायचंय?" मी घरी आल्यावर विचारी.

"काही करायचं नसतं हो," ती म्हणे.

आता आम्ही अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला मुलाकडे राहतो. फेब्रुवारीत पत्नी पडली, खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रियेनंतर तिला पुनर्वसन केंद्रात ठेवलं. तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की या आठवड्यात ती चालली नाही, तर पुढे चालणं कठीण आहे. ती उठायलाच तयार नव्हती.

व्यायामाची वेळ सकाळी अकराची. मुलगा शिकागोहून, कामावरून संध्याकाळी परतणार. इथे आल्यावर काढलेलं माझं लायसन्स दृष्टीमुळे गेलेलं. बसची सोय नाही. सुनेने फोनवर टॅक्सीचं अ‍ॅप घालून दिलं. पत्ता अ‍ॅपच सांगतं, तोंड उघडावं लागत नाही. मला ते सोयीचं वाटलं.

पहिल्या दिवशी पत्नीने विचारलं, "कोण होता ड्रायव्हर?"

"विचारलं नाही. पुढच्या सीटवर रोपांचा ट्रे होता, म्हणून मागे बसलो."

"कसली रोपं?"

"विचारलं नाही."

"वीस मिनिटं बसलात ना गाडीत?" तिने भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी ती उठली नाही.

दुसऱ्या दिवशी योगायोगाने तोच ड्रायव्हर आला. मी घसा साफ केला आणि विचारलं. माणूस इथिओपियाचा. रोपं मिरचीची. राहतो तळघरात, तिथे ऊन येत नाही, म्हणून रोपं दिवसभर त्याच्याबरोबर गाडीत फिरतात. उतरताना मी त्याला दहा मिनिटं थांबण्याची विनंती केली. कारणही सांगितलं.

"मिरची? या बर्फात?" पत्नी म्हणाली.

"खाली उभा आहे. खिडकीतून दिसेल."

"काहीतरी सांगू नका."

"उठून पाहा."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग व्यायाम घेणाऱ्या मुलीकडे. वॉकर पुढे आला. खिडकीपर्यंत अकरा पावलं होती. सातव्या पावलाला ती थांबली. मग तिने उरलेली चार पावलं टाकली.

खाली ड्रायव्हरने ट्रे दोन्ही हातांनी वर धरला. ती बराच वेळ पाहत राहिली. काचेवर तिचा श्वास उमटला होता, तो तिने बाहीने पुसला.

"फार दाट पेरलीत," ती म्हणाली. "विरळ करायला सांगा त्याला. आणि उद्या नीट विचारून या, घरी कोण कोण असतं."

मी खाली गेलो आणि सांगितलं.