मधात भिजवलेली वात

देवापुढची वात तडतडली की मी अजून खोलीबाहेर जातो. घरातल्यांना वाटतं, म्हातारा तापट आहे, त्याला एवढासा आवाजही सोसत नाही. तापट मी आहेच.

पन्नास सालानंतरच्या त्या वर्षांत चाकणच्या आठवडे बाजारात भीमाशंकरकडचे ठाकर रॉकेलच्या धुतलेल्या डब्यांतून मध आणायचे. मी तो घासाघीस करून घ्यायचो, फडक्यातून गाळून बाटल्यांत भरायचो आणि चिंचवड गावठाणात दारोदार विकायचो. वडिलांनी मागे काहीच ठेवलं नव्हतं. जे उभं केलं ते माझ्या जिभेवर. मधात मी कधी काही मिसळलं नाही. साधुपणा म्हणून नव्हे. एकदा नाव गेलं की दारं बंद होतात, एवढी अक्कल होती.

बायका पारख केल्याशिवाय बाटली घ्यायच्या नाहीत. पाण्यात थेंब टाकायचा. तो न विरघळता तळाशी बसला पाहिजे. कापसाची वात मधात बुडवून पेटवायची; तडतडून विझली तर पाणी घातलंय. खऱ्या मधाला कुत्रं तोंड लावत नाही, असंही म्हणायचे. एका म्हातारीने भाकरीच्या तुकड्याला माझा मध लावून गल्लीतल्या कुत्र्यापुढे टाकला. कुत्र्याने तो मिटक्या मारत खाल्ला.

"आता बोल," म्हातारी म्हणाली. "गूळ किती घातलायस?"

"मावशे, तुझ्या हातची भाकरी खातंय ते. त्याला मधाचं काय सांगतीस?"

बायका हसल्या. म्हातारीही हसली, भाव पाडला आणि बाटली घेऊन गेली. तिच्या सुनेला मुलगा झाला होता. सोन्याची अंगठी मधात बुडवून बाळाला चाटवायची पद्धत. त्या घरी पुढेही रोज तसाच मध देत राहिले.

बाळ महिन्याचं झालं आणि गेलं. आधी दूध ओढेना, मग त्याचं रडणं मांजराच्या पिलासारखं बारीक झालं, मान लुळी पडली. म्हातारी ओट्याओट्यावर सांगू लागली, मधात गुळाचं पाणी होतं, त्याने पोर गेलं. आठवड्याभरात गावठाणात माझी एक बाटली खपेना.

माझं डोकं फिरलं. दुःखाच्या घरी असं जाऊ नये, हे कळत होतं. तरी त्याच डब्यातला उरलेला मध, कापूस आणि काडेपेटी घेऊन मी भरदुपारी तिच्या ओट्यावर जाऊन बसलो. शेजारपाजार गोळा केला. वात भिजवली, पेटवली. ती शांतपणे जळत राहिली. घट्ट पाकातली वातही अशीच जळते, हे मला ठाऊक होतं, लोकांना नव्हतं. पण माझ्या मधात पाक नव्हता.

म्हातारीच्या मागे दारात सून उभी होती. तिचं लुगडं छातीपाशी दुधाने भिजलं होतं. वातीकडे बघत ती म्हणाली, "जळतीया की चांगली. मंग माझ्या पोराला काय झालं?"

वात विझेपर्यंत मला तिथून उठता आलं नाही.

गिऱ्हाईक परत आलं, पण "आमचं चुकलं" असं एकानेही म्हटलं नाही. तो राग मी जपून ठेवला. पुढे भोसरीला दुकान झालं, माझ्या नावाच्या बाटल्या झाल्या, भिंतीवर प्रयोगशाळेचा दाखला लागला. एकदा लहान मुलांचे एक डॉक्टर तो दाखला वाचत उभे राहिले.

"मध चोख आहे तुमचा," ते म्हणाले. "पण वर्षाच्या आतल्या मुलाला देऊ नका, असं सांगत जा."

"चोख असला तरी?"

"तरीही. मधात कधी कधी एक जंतू असतो. मोठ्यांना तो बाधत नाही, तान्ह्या पोटात वाढतो. मूल दूध ओढत नाही, आवाज क्षीण होतो, मान टाकतं."

त्या दिवशी मी त्या भल्या माणसाशी विनाकारण भांडलो.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी ती सून दुकानात आली. केस पांढरे झालेले.

"नातू झालाय," ती म्हणाली. "तुमचा मध चोख हाय, तवाच बघितलं व्हतं मी. अंगठीनं चाटवायचाय."

"बाळाला देऊ नका."

"का वो?"

खरं कारण जिभेवर आलं होतं. पण तेव्हा रोज ती अंगठी बाळाच्या ओठांना लावणारा हात तिचाच होता.

"गूळ असतो त्यात," मी म्हणालो. "तेव्हाही होता. आता तर सगळेच घालतात. पोर वर्षाचं होईपर्यंत कुणाचाच देऊ नका."

"म्हंजी सासूबाई खरं बोलत व्हत्या."

"व्हय."

"आन् तू आमच्या दारात येऊन त्यांनाच खोटं पाडलंस."

ती पायऱ्या उतरून गेली. शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाने हातातली बाटली हळूच फळीवर परत ठेवली.