वापरलेलं नाव

बोस्टनजवळच्या श्रूजबरीतल्या त्या वृद्धनिवासात बुधवारचे साडेदहा वाजले की म्हातारे-म्हाताऱ्या वॉकर ढकलत जेवणघराशेजारच्या खोलीत जमायला लागत. एरवी व्यायामाला बोलावलं की ज्यांचे गुडघे हमखास दुखतात, तेसुद्धा बुधवारी वेळेआधी येऊन पुढची खुर्ची धरून बसत. बुधवारी सुमेधा नावांचा तास घ्यायची. दर आठवड्याला एकाचं नाव. ते कुठल्या भाषेतलं, त्याचा अर्थ काय, कुठून फिरत फिरत इथवर आलं, असं सगळं ती सांगायची. सत्तावन्न वर्षांची, ठेंगणी, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेली ही बाई तिथे रहिवाशांचा वेळ बरा जावा म्हणून नोकरीला होती. स्वतःबद्दल कुणी पाच मिनिटं बोललं की माणूस नव्वदीतही खुलतो, हे तिनं पहिल्या महिन्यातच ओळखलं होतं.

फिलिप म्हणजे ग्रीक भाषेत घोड्यांवर जीव असलेला. तिथले फिलिपआजोबा कुत्रं दिसलं तरी खोलीत जाऊन दार लावून घेत. अर्सुला म्हणजे लॅटिनमध्ये लहानशी अस्वलीण, आणि ही अर्सुला वजन करायला उभी राहिली की काटा हलतो की नाही अशी शंका यायची. ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण इंग्रजीत समजावून सांगताना सुमेधाला घाम फुटला, पण खोली खदखदून हसली. बार्बराच्या नावाची गोष्ट आणखी मजेची. ग्रीकांना परक्या लोकांचं बोलणं नुसतं ‘बर बर’ ऐकू यायचं, म्हणून परकी बाई ती बार्बरा. आपल्या संस्कृतातला बर्बरही त्याच घरचा. ‘म्हणजे या खोलीतली खरी बार्बरा मीच की!’ असं सुमेधा म्हणाली, तर बार्बराबाईंनी तिला जवळ ओढून तिचा गालगुच्चा घेतला.

सगळेच तास असे हसण्यावारी जायचे नाहीत. बर्निस नावाच्या आजींच्या जुन्या कागदांवर सुमेधाला ‘ब्रोनिस्वावा’ असं नाव सापडलं होतं. पोलंडहून आलेल्या आईबापांनी ठेवलेलं. शाळेतल्या बाईंना म्हणता येईना, म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी तिची बर्निस करून टाकली. कीर्तीचं रक्षण करणारी, असा त्या नावाचा अर्थ. त्यातला ‘स्वावा’ म्हणजे आपल्या वेदांतलं ‘श्रवस्’, कीर्ती, हे वाचून सुमेधाला कोण आनंद झाला होता. तिनं भर तासात ते नाव मोठ्यानं उच्चारलं, आणि वर्षभर कुणाशी धड न बोलणाऱ्या आजींनी ताडकन मान वर करून लहान मुलीच्या आवाजात पोलिशमधून काहीतरी उत्तर दिलं. मग त्या दाराकडे बघत बसल्या. त्या दिवशी सुमेधाला जेवण गेलं नाही.

तिला जेवण का गेलं नाही, हे त्या निवासात कुणाला कळणं शक्य नव्हतं. सुमेधा हे तिचं नाव नव्हतंच.

ती साताऱ्याची शुभा. लग्न होऊन नागपूरला गेली तेव्हा आपल्याकडच्या रीतीप्रमाणे ताटात तांदूळ पसरले आणि शैलेंद्रनं सोन्याच्या अंगठीनं त्यावर तिचं नवं नाव लिहिलं: सुमेधा. नाव चांगलं होतं, घरात टाळ्या वाजल्या, सासूबाई रडल्या. सगळ्याच सासवा रडतात, म्हणून शुभाला त्यात वावगं वाटलं नाही. दोन महिन्यांनी शेजारच्या मावशी मुलीचं बाळंतपण उरकून अमरावतीहून परत आल्या आणि पायरीवर पाऊल ठेवताहेत तोच सासूबाईंनी आतल्या बाजूला हाक मारली, ‘सुमेधाऽ, चहा टाक गं!’ स्वयंपाकघरातून उत्तर आलं, ‘हो, टाकते.’ मावशी तिथेच उंबऱ्यावर मटकन बसल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

सुमेधा ही शैलेंद्रची धाकटी बहीण. लग्नाच्या चार वर्षं आधी काविळीनं गेली, एकोणिसाव्या वर्षी. नवी सून यायच्या आधी तिचा फोटो भिंतीवरून काढून कपाटात ठेवला होता. ‘आईनं मागितलं,’ शैलेंद्र खाली बघत म्हणाला होता. ‘घरात ते नाव पुन्हा हाकारायचं होतं तिला. मला नाही म्हणवलं नाही.’

मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, ते काही उगीच नाही. गेलेली सुमेधा हुशार होती, गोड गळ्याची होती, कधी उलटून बोलायची नाही. तिला गूळ घातलेली कारल्याची भाजी आवडायची, म्हणून ती भाजी शुभाच्या पानात सगळ्यांत आधी पडायची. शुभाला कारलं बघून मळमळायचं. ती खात राहिली. पुढे शैलेंद्रच्या नोकरीपायी अमेरिकेत आली, मुलगी झाली, इथे श्रूजबरीत घर झालं, आणि एक दिवस इंडियन ग्रोसरीत कारली दिसली तेव्हा तिच्या तोंडाला पाणी सुटलं. वाचताना ओढणीचं टोक दातात धरायची सवयही तिला अशीच कधीतरी लागली. सासरे वारल्यावर सासूबाई इथे राहायला आल्या, आणि तिला तशी वाचताना बघून त्या नुसतं ‘अगदी तश्शीच’ म्हणाल्या आणि आत गेल्या. सवय मुळातली आपली की तिची, हे सुमेधाला आजतागायत ठरवता आलेलं नाही. त्या दिवशी रिकाम्या खोलीत ती ओढणी खाली ठेवून कितीतरी वेळ घाबरून बसली होती.

दोन वर्षांपूर्वी साताऱ्याला तिचा भाऊ संजय गेला. आईवडील आधीच गेलेले. फोन ठेवल्यावर ती रडायला लागली, आणि रडता रडताच तिच्या लक्षात आलं की आपल्याला ‘शुभे’ म्हणणारं माणूस आता पृथ्वीवर उरलेलं नाही.

म्हणून यंदा नागरिकत्वाचा अर्ज भरताना, ‘आपल्याला नाव बदलून हवे आहे काय?’ या प्रश्नावर तिचा हात अडला. हो म्हटलं की तिचं नाव तिला परत मिळणार होतं, सरकारी शिक्क्यानिशी. अर्ज सोमवारी पाठवायचा होता.

बोस्टनला राहणारी मुलगी आश्लेषा फोनवर ओरडलीच. ‘आई, ऑफ कोर्स! इट्स युअर नेम! यात थिंक काय करायचं आहे?’

शैलेंद्रनं मात्र चहाचा कप तसाच हातात धरून विचारलं, ‘आईला काय सांगायचं?’

तेच तर होतं. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या सासूबाई खालच्या खोलीत होत्या. काठीनं चालत, पण डोकं शाबूत. दिवसातून वीस वेळा त्या ते नाव हाकारायच्या. ते नाव काढून घ्यायचं म्हणजे म्हातारीची लेक तिच्या डोळ्यांदेखत दुसऱ्यांदा न्यायची. आणि नाही काढून घेतलं, तर शुभा नावाची एक मुलगी होती हे कुणालाही न कळता आपण एक दिवस मरून जाऊ, या विचारानं सुमेधा रात्री उठून बसायची.

त्या बुधवारी मार्गारेटचं नाव होतं. मार्गारेट नव्वद वर्षांच्या, आयरिश घराण्यातल्या, शाळेच्या ऑफिसात चाळीस वर्षं काम केलेल्या. जरा फटकळच. सुमेधानं सांगितलं, ग्रीक शब्द, अर्थ मोती. आणि एवढ्या भाषांत गेलं तरी मोती तो मोतीच राहिला. सगळ्यांनी माना डोलावल्या. मार्गारेटबाईंनी नाही डोलावली. बाकीचे सूप प्यायला गेल्यावरही त्या खुर्चीत बसून राहिल्या.

‘मोती असेल, पण मला मिळाला तो वापरलेला,’ त्या म्हणाल्या. ‘माझ्याआधी आमच्या घरात एक मार्गारेट होती. चार वर्षांची होऊन गेली. मग मी झाले. मूल गेलं की त्याचं नाव पुढच्या मुलाला द्यायचं, अशी पूर्वी पद्धत होती इकडे.’

सुमेधाला ही पद्धत माहीत होती. जुन्या दफनभूमीतल्या एकाच दगडावर एकच नाव दोनदा कोरलेलं तिनं पाहिलं होतं. पण असं कुणी जिवंत समोर बसून आजवर बोललं नव्हतं. ती शेजारची खुर्ची ओढून बसली.

‘आई दर रविवारी मला तिकडे न्यायची. मी वाचायला शिकले आणि आयुष्यातला पहिला शब्द वाचला, तो माझं नाव. दगडावर.’

‘तुम्हाला राग नाही आला?’ सुमेधाचा आवाज तिलाच अनोळखी वाटला.

‘आला तर! चौदाव्या वर्षी मी सगळ्यांना सांगून टाकलं, मला पेगी म्हणायचं. मार्गारेटची लाडानं पेगी करतात, तुला माहीतच असेल. आईनं काही वाद घातला नाही. दिवसभर मला पेगी म्हणाली. संध्याकाळी जेवायची पानं मांडली. मी टेबलाशी बसलेली, तिच्या समोर. आणि ती उठली, मागचं दार उघडलं आणि अंगणात हाक मारली, मार्गारेट, जेवायला ये.’

पलीकडच्या खोलीतून चमच्यांचे आवाज येत होते.

‘मग?’

‘मग काय? मी पुढच्या दारानं बाहेर पडले, घराला वळसा घातला आणि मागच्या दारानं आत आले. आई म्हणाली, हात धू. पेगी तिथेच संपली.’

‘वाईट नाही वाटत?’

‘रोज वाटतं,’ मार्गारेटबाई म्हणाल्या, आणि वॉकर पकडून उठल्या.

घरी परतताना सुमेधाचं ठरलं. आपल्यालाही घराला वळसा घालूनच आत यायचं आहे. म्हाताऱ्या आईला अंगणात हाका मारत ठेवण्याइतकी आपली छाती नाही. ‘नाही’वर खूण करायची आणि मोकळं व्हायचं. ठरलं तसं तिला हलकं वाटायला हवं होतं. पण घराच्या ड्राइव्हवेमध्ये गाडी बंद करून ती दहा मिनिटं स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली.

आत सासूबाई जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या. समोर फोन.

‘आश्लेषाचा फोन आला होता,’ त्या म्हणाल्या. ‘तू नाव बदलून राहिली म्हणे.’

सुमेधानं गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. ‘नाही आई. तिला काय कळतंय? मी नाही बदलत. आहे तेच ठेवते.’

‘माझ्यासाठी?’

सासूबाईंनी काठीनं समोरची खुर्ची जराशी ढकलली. सुमेधा बसली.

‘तुला एक सांगू? पहिली दोन वर्षं मी तुला हाक मारायची ना, की डोळे मिटून घ्यायची. तू ओ देईपर्यंत. तेवढा वेळ ती असायची आत.’ म्हातारीनं पदरानं नाक पुसलं. ‘मग डोळे उघडे ठेवून कधी हाक मारायला लागले, मलाच आठवत नाही. पाप केलं मी, पोरी. तुझ्या आईबापानं ठेवलेलं नाव पुसलं आणि तुला विचारलंही नाही.’

‘असं नका म्हणू, आई.’

‘का नको? आता अठ्ठ्याऐंशी सरत आलं. वर गेल्यावर पोरगी पहिलं हेच विचारेल, आई, माझं नाव कुणाला दिलंस? काय सांगू तिला? अमेरिकेत विसरून आले म्हणू?’ त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला. ‘मला ते परत न्यायचंय. तिचं तिला देते. तुझं तू घे.’

त्या संध्याकाळी शैलेंद्रनं लॅपटॉप पुढ्यात आणून दिला आणि सासूबाई शेजारी बसल्या असतानाच तिनं ‘होय’वर खूण करून खालच्या चौकटीत ‘शुभा’ असं लिहिलं. एवढंसं नाव. शैलेंद्रनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. आश्लेषानं फोनवर आनंदानं किंकाळी फोडली. सुमेधालाही आनंद झाला, अगदी खराखुरा. त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कणीक मळत होती. खिडकीतून ऊन येत होतं, शैलेंद्र वर अंघोळीला गेला होता.

‘शुभा,’ सासूबाईंनी बाहेरून हाक मारली.

ती मळत राहिली. कणीक सैल झाली होती, तिनं थोडं पीठ घातलं.

‘शुभाऽ!’

आई फोनवर कुणाशी तरी बोलत असतील, असं तिला वाटलं. नाहीतर कुणी बाई सकाळीच भेटायला आली असेल. मग चहा जास्त टाकायला हवा, म्हणून तिनं पातेल्यात आणखी दोन कप पाणी ओतलं.

काठीचा आवाज हळूहळू जवळ आला. सासूबाई ओट्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांना धाप लागली होती.

‘कोण आलंय, आई?’ तिनं विचारलं.

‘अगं, तुलाच हाक मारून राहिले.’

हात पिठात तसेच ठेवून ती त्यांच्याकडे बघत राहिली. ‘सुमेधा’ म्हणून बोलावलं असतं, तर तिनं पहिल्या हाकेला ओ दिली असती.